सुनंदाचा वर्ग, सुनंदाशिवाय

सुनंदा गेल्याचं मला कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. मी घोटीला भाचीच्या साखरपुड्यात होते. दोन ओळींचा मजकूर, खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि लगेच नव्या बॅचची जाहिरात : 'नेटवर्किंग, अगदी शून्यापासून. तज्ज्ञांचे रेकॉर्डेड धडे.' ते धडे सुनंदाचेच होते. जाहिरात टाकणाऱ्याला हे माहीत होतं की नाही, कोण जाणे... मी पंगतीतून उठले.

सुनंदा गायकवाड आणि मी नाशिकच्या एका खासगी तंत्रनिकेतनात बरोबरच लागलो. मी गणित शिकवायचे, ती नेटवर्किंग. तिच्या वर्गात हरसूल, पेठकडच्या खेड्यापाड्यांतल्या मुली असायच्या. "इंटरनेट आकाशातून येतं," असं त्यांतली एक म्हणाली तेव्हा वर्ग हसला. सुनंदा हसली नाही. "आकाशातून फक्त टॉवरपर्यंत," ती म्हणाली. "पुढे बहुतेक सगळी वायर. जमिनीखालून, समुद्राखालून." मग तिने सगळ्यांना व्हरांड्यात नेलं. कागदावर एक वाक्य लिहून त्याचे तुकडे केले, प्रत्येकावर क्रमांक आणि पोचवायचा पत्ता घातला. तुकडे वेगवेगळ्या हातांतून, कुणी जिन्याकडून, कुणी ग्रंथालयाकडून, टोकाला उभ्या मुलीपर्यंत गेले. एक तुकडा सुनंदाने मुद्दाम मुठीत ठेवला होता. मुलीने क्रम लावला. "मॅडम, मधला नाय आला."

"मग काय करशील?"

"परत मागीन."

"तुझा फोन हेच करतो. फक्त कॉलवर बोलताना हरवलेलं परत मागत नाही. मागत बसला तर बोलणंच अडेल. म्हणून रेंज कमी असली की शब्द तुटतात."

पुढे संस्थेने तिला सगळा विषय कॅमेऱ्यासमोर शिकवायला सांगितलं. ती किती खूश झाली होती... "अगं, गावाकडच्या पोरींना हवं तितक्या वेळा ऐकता येईल." सुट्टीभर ती रेकॉर्डिंगला जात राहिली. नवं सत्र सुरू झालं आणि तिचा करार पुढे वाढवलाच नाही. ती विचारायला गेली, मी सोबत होते. संचालक नम्रपणे म्हणाले, "मॅडम, विषय आता रेकॉर्ड झालाय ना." तिने एवढंच मागितलं, की ते धडे मुलींना मोफत बघू द्या. तेही झालं नाही. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये स्कूटीला टेकून ती म्हणाली, "मीच शिकवलं गं त्यांना, माझ्याशिवाय कसं चालवायचं ते."

नोकरी गेली म्हणून कॅन्सर झाला, असं मी म्हणणार नाही. पण आजारपणात ज्या वर्गाने तिला उभं केलं असतं, तो तिच्याजवळ नव्हता. एकदा भेटायला गेले, तर तिने मोबाइलवर त्या धड्यांतला एक व्हिडिओ दाखवला. सुरुवातीला दिसणारं तिचं नाव काढलेलं होतं. "आवाज माझा, साडी माझी," ती म्हणाली. "नाव तेवढं जड झालं त्यांना."

शोकसभेत संचालक 'सुनंदाताई आमच्या कुटुंबातल्याच' म्हणाले आणि तिचे यजमान अशोकराव यांना शाल द्यायला पुढे झाले. अशोकरावांनी हात पुढे केले नाहीत. "शाल राहू द्या, सर. व्हिडिओला तिचं नाव लावा." संचालक म्हणाले, "बघतो, टेक्निकल टीमशी बोलून." आज कित्येक आठवडे झाले. नाव लागलेलं नाही.

परवा लॅबवरून जाताना तिचा आवाज आला आणि पाय थांबले. अंधारलेल्या खोलीत मुली पडद्याकडे बघत होत्या. सुनंदाची एक सवय होती. "कळलं का?" असं विचारून ती गप्प राहायची, मागच्या बाकावरून कुणीतरी धीर करून तोंड उघडेपर्यंत. ती शांतता सहन न होऊन मुली बोलायच्याच. व्हिडिओ छोटा व्हावा म्हणून कुणीतरी त्या सगळ्या शांतता कापून टाकल्या आहेत. पडद्यावरची सुनंदा "कळलं का?" म्हणते आणि श्वासही न घेता पुढचा मुद्दा सुरू करते. मागच्या बाकावर एका मुलीचा हात अर्धवट वर गेला, आणि ती इकडेतिकडे बघत तो खाली घेऊ लागली.

मी आत जाऊन व्हिडिओ थांबवला आणि तिला म्हटलं, "विचार."