शकीलाबीचं नाक

शकीलाबी प्लास्टिकचा तुकडा उचलायची, लायटरनं त्याचा कोपरा पेटवायची, फुंकर मारून विझवायची आणि तो धूर सरळ नाकात ओढायची. वर म्हणायची, "पेटलं की प्लास्टिक खोटं नाय बोलत, मॅडम."

मी अंबडच्या एका कारखान्यात केमिस्ट. कुजत नाही, सडत नाही असलं प्लास्टिक आम्ही तोडतो. जुन्या बाटल्या रिॲक्टरमध्ये शिजवायच्या, त्यांच्या साखळ्या सुट्या करायच्या आणि मूळ रसायनं परत मिळवायची. त्यांचं पुन्हा नवंकोरं प्लास्टिक होतं. पण त्यात पीव्हीसीचे, म्हणजे दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकचे, चार तुकडे जरी गेले तरी आम्ल सुटतं आणि सगळी खेप नासते. दिसायला दोन्ही सारखीच पारदर्शक, जळाल्यावर वास तेवढा वेगळा. ओळखायचं मशीन होतं, पण ते आठवड्यातले पाच दिवस आजारी. म्हणून मनमाडच्या भंगारात आयुष्य काढलेली ही बाई गेटपाशी बसवलेली.

एकदा मी तिला मास्क दिला. तिनं तो घडी करून पिशवीत ठेवला. "हे लावलं तर वास कसा येणार? नाक हाय म्हणून मी हाय हितं." मी हसले. हसलेच, काय सांगू! पुन्हा विषय काढला नाही, कारण माझ्या खेपा झकास निघत होत्या. बाहेरचे साहेब बघायला आले की तिचा लायटर लपवायला मात्र मीच सांगायची.

बारा वर्षांनी तिला दम लागायला लागला. चार पावलं चालली की भिंत धरायची. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसला धूर गेलाय आत? कामावरून लिहून आणा, मग पुढच्या तपासण्या करू." ती माझ्याकडे आली. "तुम्हाला समद्या धुरांची नावं ठावं हायेत. येवढी चिठ्ठी द्या."

ठाऊक होतीच. झोपेतून उठवलं असतं तरी घडाघडा सांगितली असती. पण मॅनेजर म्हणाले, "आपल्याकडे प्लास्टिक जाळायला बंदी आहे. बोर्ड लावलाय तसा. जपून लिहा." मला नोकरी प्यारी होती, दुसरं कारण नाही. मी लिहिलं : सदर महिला हाताने माल निवडण्याचे काम करतात. कामाच्या जागी धूर नसतो. खाली सही केली, शिक्का मारला.

तिला वाचता येत नव्हतं. "अल्ला तुमचं भलं करो," म्हणत तिनं कागद कपाळाला लावला. डॉक्टरांनी तो वाचला, दम्याचा पंप दिला आणि घरी पाठवलं. दिवाळीच्या आत ती गेली.

मी भेटायला गेले. तिच्या मुलीनं मला बसायला खुर्ची दिली, पाणी आणलं. जमलेल्या बायकांना म्हणाली, "याच त्या मॅडम. अम्मी शेवटपर्यंत सांगायची, कारखान्यात कोणी विचारलं नाय, यांनी माझ्यासाठी लिहून दिलं."

मी खाली मान घालून ते पाणी प्यायले.