गाऱ्हाण्यातली पगारवाढ

आमच्या आंबा कारखान्याचे हिशेबनीस भागोजीकाका गोताड यांनी एकवीस वर्षांत मालकांकडे एकदाही पगारवाढ मागितली नाही. ते थेट देवाकडे मागत, आणि तेही मालकांच्या देखत.

हंगामाची पहिली पेटी आली की कारखान्यात यंत्रांची पूजा होते. नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं आणि प्रत्येक मागण्यागणिक सगळ्यांनी डोळे मिटून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गावच्या देवळात गाऱ्हाण्याचा मान काकांच्या घराण्याचा, म्हणून इथेही तो त्यांच्याकडेच आला. आवाज असा, की मिरजोळ्यात बोलले तर दूर पावस गावात ऐकू जावं.

पहिल्या वर्षी त्यांनी सुरुवात सरळच केली. "बा देवा म्हाराजा, तुडतुडा नि फळमाशी शिवंभायेर ऱ्हाउंदे."

"व्हय म्हाराजा."

"डब्यांना गिऱ्हाईक मिळूंदे."

"व्हय म्हाराजा."

"हिशेब ठेवनाऱ्या तुज्या लेकराचा पगार दोन हजारानं वाढूंदे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. त्यात मालक केशवशेठही होते. एकदा लय लागली की जीभ कुणाच्या बापाचं ऐकत नाही. डोळे उघडले तेव्हा शेठचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. पण देवापुढे दिलेला शब्द, माघार कशी घेणार? पगार वाढला.

पुढच्या वर्षी शेठ कान टवकारून उभे राहिले. काकांनी पगार हा शब्दच काढला नाही. "जुन्या मानसांच्या ताटात दोन घास जास्त पडूंदे," म्हणाले. शेठ भक्तिभावाने व्हय म्हणाले. दुपारी काकांनी दोन घासांचा दर महिन्याच्या हिशेबात काढून दाखवला.

काम चोख होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. जीएसटी आला तेव्हा निम्मी रत्नागिरी डोकं धरून बसली होती आणि काका चहात बटर बुडवत होते. त्या वर्षी ते पाच हजारांनी वाढले. मी शेजारच्याच टेबलावर माल पाठवण्याची कागदपत्रं करते. दरवर्षी त्यांच्या वाढीसाठी घसा फोडून व्हय म्हणायचं मी, आणि माझा पगार जिथल्या तिथे. मला राग येत असे, अजूनही येतो.

यंदा मेअखेर काका साठ वर्षांचे होऊन घरी बसणार होते. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर ठरते, हे हिशेबनिसाला कुणी सांगायला नको. म्हणजे हे शेवटचं गाऱ्हाणं साधायलाच हवं होतं. महिनाभर ते सात हजारांची ओळ घोळवत होते. काका निवृत्त होणार म्हणून पूजेला त्यांची बायको, मैनाकाकूही आल्या होत्या.

आता कारभार केशवशेठचा मुलगा सागर बघतो. नारळ ठेवला गेला आणि तो म्हणाला, "काका, यंदा गाऱ्हाणं मी घालतो."

"घाला की, धाकटे शेठ," काका म्हणाले. तो आवाज हातभर अंतरावर उभ्या असलेल्या मलाही नीट ऐकू आला नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मला त्यांची दया आली.

सागरने खिशातून कागद काढला. फळमाशी झाली, गिऱ्हाईक झालं. मग तो म्हणाला, "भागोजीकाकांचा पगार दहा हजारांनी वाढू दे."

"व्हय म्हाराजा!" काकांच्या आवाजाने रिकामे डबे वाजले.

"आणि त्यांच्या हातून आणखी पाच वर्षं या कारखान्याचे हिशेब होऊ देत."

"व्हय म्हाराजा!" त्याच दमात, सगळ्यांच्या वरताण.

मग काकांनी डोळे उघडले. नारळाकडे पाहिलं, सागरकडे पाहिलं आणि शेवटी बायकोकडे वळले. "अगो, तूपन व्हय म्हनलीस?"

"धाकट्या शेठना ती पाच वर्सांची ओळ मीच सांगितली," मैनाकाकू शांतपणे म्हणाल्या. "गणपतीत चार दिस घरी व्हतात, तर माज्या मिठाच्या बरणीची वही घातलीत. रोज किती चमचं, ता लिवायला लावलात. पाच वर्सांनी बघू."

काका टेबलाशी गेले आणि स्वतःच्या नावापुढे दहा हजार वाढवून आले. मी तेवढ्यात मैनाकाकूंना बाजूला घेऊन विचारलं, पुढच्या वर्षीच्या कागदात माझीही एक ओळ बसेल का.