कोट्झेब्यू ते नोम: एक तास एकतीस मिनिटं

अलास्कात माझं अमेरिकन आर्मीचं पोस्टिंग अडीच वर्षांचं. ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवर मी क्रू चीफ होते, म्हणजे त्याची देखभाल करायची आणि त्याच्याबरोबर उडायचं. पाटणकर हे नाव युनिटमध्ये कुणाला जमेना, म्हणून मी पॅट. त्या फेब्रुवारीत आमची एक तुकडी ट्रेनिंगसाठी कोट्झेब्यूला होती. सहाला उठायचं, ब्लेडवरचा बर्फ काढायचा, इंजिन गरम करायचं, जेवायचं, पुन्हा बर्फ काढायचा.

कोट्झेब्यूहून नोम हे गाव सरळ रेषेत १८३ मैल. रस्ता नाही. वारा नसेल तर आमच्या हेलिकॉप्टरला एक तास आठ मिनिटं.

एका दुपारी १२०५ ला ऑर्डर आली. नोमच्या हॉस्पिटलमध्ये बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता आणि तिच्या गटाचं रक्त संपत आलं होतं. धावपट्टीवरच्या आडव्या वाऱ्यामुळे विमानं बंद. कोट्झेब्यूच्या हॉस्पिटलने रक्ताची पेटी आमच्याकडे पोचवली. मी ती बांधत असताना नोमहून डॉक्टरचा फोन आला.

"किती वेळ?" तिचा आवाज कापत होता.

"एक तास दहा मिनिटं, मॅम."

वाटेत समोरून पस्तीस नॉट्सचा, म्हणजे ताशी चाळीस मैलांचा, वारा होता, हे मला माहीत होतं. पण मी एडिसनच्या मराठी घरातली. आमच्याकडे काका अंघोळीला जाता जाता फोनवर "निघालोच!" म्हणतात आणि काकू "पाच मिनिटांत पोचतोय" म्हणत चपला शोधतात. वाट बघणाऱ्याला बरं वाटावं म्हणून. मीही तेच केलं.

शेजारी माझे वरिष्ठ, सार्जंट डोलन होते. "पॅट, वारा कुणी बंद केला? तू?"

"सार्जंट, ती घाबरली होती."

"मग खऱ्या आकड्यावर घाबरू दे. खरी वेळ?"

"एक तास एकतीस."

"फोन लाव."

लावला. "मॅम, मी चुकीचं सांगितलं. टेकऑफ १२२०. पोचू १३५१ ला."

पलीकडचा आवाज एकदम ताठ झाला. "तेवढं ती थांबू शकत नाही. गावातल्या लोकांकडून रक्त घेते. तुम्ही या."

१३५२ ला आम्ही नोमला उतरलो. मी पेटी घेऊन धावले. हॉस्पिटलच्या बाहेरपर्यंत रांग होती. बाह्या वर केलेले मासेमार, एक शिक्षिका, बर्फ उपसणाऱ्या मशीनचा ड्रायव्हर. पहिल्या चौघांच्या रक्तावर ती बाई तगली होती. आमची पेटी त्यानंतर लागली, आणि पुरली.

खोटी वेळ सांगणं म्हणजे समोरच्याच्या हातातला निर्णय काढून घेणं. माझ्या गोड बोलण्याने एक बाई गेली असती. आज कुणीही, कितीही मोठ्या खुर्चीतून, लोकांना गोड आकडे सांगायला लागलं की मी उभी राहून खरे मागते.

परतताना डोलन एवढंच म्हणाले, "एक मिनिट लेट, पॅट."

पुढच्या हिवाळ्यात ट्रेनिंग फ्लाइटवर त्यांचं हेलिकॉप्टर कोसळलं. मी रजेवर होते. त्या फ्लाइटवरून कुणीच परत आलं नाही.

श्रद्धांजलीच्या परेडला हजेरी घेतात, गेलेल्याचंही नाव पुकारून. फर्स्ट सार्जंटने हाक दिली, "सार्जंट डोलन." मग पुन्हा. मग पूर्ण नावाने तिसऱ्यांदा. या हाकांना उत्तर येत नसतं, आणि सगळे ताठ उभे राहतात. नोमहून ती रक्त पोचवलेली आई आली होती, लेक कडेवर. तिसऱ्या हाकेनंतरच्या शांततेत ती मुलगी मोठ्याने काहीतरी बोबडं बोलली.

कुणीही तिला गप्प केलं नाही.