किल्लेदारणीची ओटी
ट्रंकेतल्या वाळ्याचा वास आला की मला आमच्या गावच्या गणपतीतलं ते नाटक आठवतं. लग्न होऊन मला दुसरंच वर्ष होतं. तेव्हा बायकांची कामं पुरुषच करीत, आणि आमच्या ह्यांच्याकडे किल्लेदारणीचं काम आलं होतं. मुंबईहून बोटीने भाड्याचा टिकल्यांचा शालू आला, तो ह्यांनी बाजूला सारला. "शिवशाहीतली गडावरची बाई असलं नेसेल होय?" म्हणाले, आणि सासूबाईंकडे त्यांचं रोजचं हिरवं लुगडं मागितलं. "मेल्या, माझं लुगडं नेसशील आणि लोक हसले, तर या घरात तोंड दाखवू नको हो!" सासूबाई कडाडल्या, पण ट्रंकेतून वाळ्याच्या वासाचं ते लुगडं काढून दिलं. दिवेलागणीला मंडपात मी सासूबाईंच्या मागे जीव मुठीत धरून बसले. पडदा वर गेला. गॅसबत्तीच्या उजेडात किल्लेदारीण उभी होती. घट्ट कासोटा, डोक्यावर पदर, हातात साध्या काचेच्या बांगड्या, कमरेला तलवार. नवऱ्याच्या माघारी किल्ला लढवायला ती निघाली होती. कुणी हसलं नाही. "अगो, खरीच गो ही!" शेजारची बाई पुटपुटली. मग समुद्राची गाज तेवढी ऐकू येऊ लागली. तेवढ्यात सासूबाई उठल्या, गणपतीपुढचे तांदूळ-नारळ घेऊन थेट रंगमंचावर चढल्या. "बाय माझी, जिंकून ये गो," म्हणत त्यांनी ओटी भरली. ह्यांनी पदर पसरला आणि वाकून नमस्कार केला. सासूबाईंनी लेकाला ओळखलं नव्हतं, की ओळखूनही ओटी भरली, हे विचारायचा धीर मला कधी झाला नाही. आज हे लिहितानाही अंगावर काटा येतो.