शुभाताईच्या मातीला पाणी

शुभाताईचं शेवटचं शिल्प मी फोनवरून मोडलं.

महिनाभर हे कुणाला सांगितलं नव्हतं. आज तिला जाऊन महिना झाला. तिचा हसरा फोटो टाकून दोन हात जोडले असते तरी भागलं असतं, पण ते जमेना.

तिला न ओळखणाऱ्यांसाठी सांगते. शुभाताई शिल्पकार. पौडच्या पुढे एका गावात तिथल्याच एका काकूंचा गोठा तिने भाड्याने घेतला होता, तोच तिचा स्टुडिओ. म्हशी विकल्यावर काकूंना रिकामा गोठा बघवत नव्हता, म्हणून दिला.

पेंटिंगही करायची. रिसॉर्टवाले खोल्यांसाठी घ्यायचे. "मॅडम, निळं जरा जास्त टाका" म्हणायचे. ती टाकायची.

आणि शनिवारी आर्ट पार्टी. मुळशी धरणाच्या काठी, कुणाचा वाढदिवस, कुणाचं टीम आउटिंग. वीस माणसं, वीस कॅनव्हास, सगळ्यांवर एकच सूर्यास्त.

मी तिला तिथेच भेटले. ऑफिसबरोबर गेले होते. माझं धरण बादलीसारखं झालं होतं.

ती म्हणाली, "छान आहे. पाणी सांडत तरी नाहीये."

पुढच्या शनिवारी मी तिच्या गाडीत कॅनव्हास ठेवायचे ईझल चढवत होते. लातूरहून येऊन पुण्याजवळ महाळुंग्यात चार वर्षं काढली होती. इथे कुणीतरी आपलं आहे, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

एकदा विचारलं, "ताई, तू नक्की कोण गं? शिल्पकार, पेंटर की इव्हेंटवाली?"

"आठवडाभर स्वयंपाकीण, शनिवारी वाढपी. जेवण तेच गं."

मला ते पटलं नव्हतं. आजही पटलंय की नाही, सांगता येत नाही.

कारण गोठ्यात एक काम असं होतं, जे तिने कुणालाच वाढलं नव्हतं.

मातीचं डोकं. खऱ्या माणसाएवढं. वर्षभर चाललेलं, कुणाची ऑर्डर नसलेलं. माती सुकली की तडकते, म्हणून ओतकामाचा साचा काढेपर्यंत कायम ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. कुणाचं आहे विचारलं की एकच उत्तर, "झालं की बघ."

त्या शुक्रवारी छातीत दुखतंय म्हणून ती स्वतःच रिक्षा करून हॉस्पिटलमध्ये गेली. तिथून मला फोन केला.

"शनिवारचं बघ. आणि काकूंना सांग, मातीला पाणी."

एवढंच. शेवटचं बोलणं असं असतं का? मी तर "ओके" म्हणून फोन ठेवला.

काकूंना फोन लावला.

"व्हय, मारते की. पर किती मारू?"

मला काय ठाऊक किती! मी सॉफ्टवेअरमधली बाई. म्हणाले, "भरपूर मारा काकू. सुकायला नको."

शनिवारची पार्टी मी एकटीने निभावली. चाळिसाव्या वाढदिवसाची होती, केक वगैरे. लोक म्हणाले, मजा आली.

रविवारी शुभाताई गेली.

बुधवारी मी गोठ्यात गेले. काकू दारातच उभ्या राहिल्या.

"दोन टायमाला कळशी कळशी मारलंय बघ. आमच्या घराचा स्लॅब टाकला तवा असंच मारलं व्हतं."

मी फडकं उचललं.

चेहरा नव्हता. नाक, डोळे, हनुवटी, सगळं घसरून खालच्या फळीवर बसलं होतं. आतली सळई दिसत होती.

भिंतीकडच्या बाजूला, जिथे पाणी पोचलं नव्हतं, तिथे एक कान राहिला होता. अगदी नीट. पाळीला भोकसुद्धा.

"काकू, चेहरा कुणाचा होता? तुम्ही बघितलात का?"

"न्हाई बा. बाईंनी सांगितलेलं, फडकं उचलायचं न्हाई. म्या एकदा बी उचललं न्हाई. वरनंच मारलं."

मग हळूच म्हणाल्या, "बरं ऱ्हायलंय न्हवं?"

"हो," मी म्हणाले. आणि फडकं परत टाकलं. "आता मी बघते काकू. तुम्ही नका मारू पाणी."

का खोटं बोलले, माहीत नाही. त्यांना वाचवत होते की स्वतःला, तेही माहीत नाही.

तेव्हापासून दर रविवारी जाते. त्या कानावर स्प्रेच्या बाटलीने जरासं पाणी मारते. काकू विचारतात, "साचा काढणारा कवा येतोय? झालं की मला बी दाव." मी म्हणते, पुढच्या आठवड्यात.

आता मी लोकांचे कान बघत बसते. ऑफिसच्या लिफ्टमध्ये, व्हिडिओ कॉलवर आईचे, चहा देताना काकूंचे. पाळीला भोक काकूंच्या आहे, आईच्या आहे, माझ्या आहे, ताईच्याही होतं. काय कळणार त्यावरून?

मधूनच तिच्यावर चिडते. एकदा दाखवलं असतंस तर काय बिघडलं असतं गं?

काकूंची सून माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे. हे इथून काकूंना कळायला नको, म्हणून आज सकाळी आधी गावात गेले. फडकं काढलं आणि सगळं सांगितलं.

काकू फळीपाशी खाली बसल्या. "माज्या हातनं गेलं व्हय गं?"

"नाही काकू. भरपूर मारा असं मीच म्हणाले होते."

काकूंनी मग पदराला हात पुसला, उठल्या, आणि त्या कानाला एकच बोट लावलं.

"कान हाय की. मंग मला कशापायी सांगतीस? तिला सांग."

कान कुणाचा, ऐकणार कोण, मला काहीच कळत नव्हतं. तरी वाकले आणि बोलले. जे बोलले ते इथेही लिहिते.

ताई, काकूंनी फडकं एकदाही उचललं नाही. चूक माझी होती.

नीट जा.

शनिवारचं मी बघते.