आत्याच्या हातातली पाटी

आमच्या ऑफिसच्या दारावर एकच नियम लिहिलाय: माणसाला विचारल्याशिवाय त्याचा फोटो काढायचा नाही. चपला कुठं काढायच्या ते मात्र कुणी लिहिलेलं नाही, त्यामुळं खालच्या चादरीच्या दुकानदाराची जिन्यातल्या ढिगावरून रोजची कटकट असते.

आम्ही पारधी. मी, माझा भाऊ आणि वस्तीतल्या दोघीतिघी पोरी मिळून सोलापुरात जाहिरातीचा धंदा करतो. पिशव्यांची डिझाइनं, छोट्या फिल्मा, रस्त्यावरचे मोठे बोर्ड. गुटख्याचं काम घेत नाही, दारूचं तर नाहीच. मिळकतीतला एक वाटा वस्तीतल्या पोरांच्या शिक्षणाला जातो. लोक विचारतात, असला धंदा करून तुमचं भागतं कसं? भागतं हो! ओढाताण होते, पण भागतं.

नियमाचं कारण साधं आहे. आमच्या वस्तीत जो येतो तो मोबाईल काढतो. सर्वेवाला आला, काढ फोटो. पेपरवाला आला, काढ फोटो. म्हातारी भाकरी थापतेय, घे तिचाबी. म्हणून आम्ही ठरवलं, आपण विचारायचं. आणि काम बाहेर जायच्या आधी वस्तीत पांढरी चादर बांधून तिच्यावर प्रोजेक्टरनं सगळ्यांना दाखवायचं. ज्याचा चेहरा, त्याचा शब्द शेवटचा. गिऱ्हाईक कितीही मोठं असू दे.

मागच्या थंडीत मंगळवेढ्याच्या वाटेवरचा एक शेतमालक आला. त्याला हुरडा पार्टीची जाहिरात हवी होती आणि बोर्डावर हसतमुख, खरीखुरी गावरान बाई हवी होती. आमच्याकडं एवढा मोठा बोर्ड पहिल्यांदाच आला होता. भाऊ म्हणाला, "आपली आत्या!"

आत्यानं आम्हाला दोघांना वाढवलं. कपाळभर गोंदण, हसली की डोळे मिटून जातात, आणि शिव्या अशा देते की ऐकणाऱ्यालाच गंमत वाटावी. विचारल्यावर "माजं थोबाड बगून हुरडा इकंल व्हय?" म्हणाली, पण लाजत लाजत तयार झाली. शेतात हुरडा भाजायच्या आगटीजवळ तिला उभं केलं. भावाला झकास कल्पना सुचली. काळी पाटी घेतली, खडूनं 'गरमागरम हुरडा' लिहिलं आणि आत्याच्या हातात छातीशी धरायला दिली. पाटी हातात आली आणि आत्याचं बोलणं बंद झालं. आम्हाला वाटलं, कॅमेऱ्याला बुजली. खूप हसवल्यावर एकदाची हसली, आणि तेवढा फोटो साधला.

दिवेलागणीला वस्तीत चादर बांधली, फोटो लावला. पोरांनी टाळ्या पिटल्या. आत्या उठून उभी राहिली. "न्हाय लावायचा," म्हणाली आणि घरात गेली.

माझं डोकंच फिरलं. शेतमालक सारखा फोन करत होता, हुरड्याचा हंगाम काय आमच्यासाठी थांबतोय? तिनं नाही म्हटलं तर काम गेलंच म्हणायचं. सकाळी ती लसूण सोलत होती तिथं जाऊन मी तणतणले, "एवढं नटून उभी राहिलीस, आणि आता काय झालं गं तुला?"

"फोटू नगं म्हनत न्हाय मी," ती म्हणाली. "पाटी नगं."

मग सांगितलं. तरणी असताना शेजारच्या गावात चोरी झाली आणि पोलिसांनी वस्तीच्या वस्ती चौकीत नेली. तिला भिंतीशी उभी केली. छातीशी पाटी, पाटीवर तिचं नाव. हलू नको म्हणाले. तिचा जन्मातला तो पहिला फोटो. आणि तो तिला कुणी विचारून काढला नव्हता.

भाऊ मागं उभा होता, त्याचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. आमच्यातल्या कितीतरी घरांत तसला फोटो निघालेलं माणूस आहे, आणि आम्हीच आमच्या बाईच्या हातात पाटी दिली. मला रडूच कोसळलं. आत्या म्हणाली, "गप की गं. लसनानं रडतीस का काय?"

त्याच दिवशी पुन्हा शेतात गेलो. या वेळी तिनंच सांगितलं कसं उभं राहायचं ते. भाजलेली कणसं चोळली, फुंकर मारून कोंडा उडवला आणि ओंजळभर हुरडा पुढं केला. "असा काढ." शेतमालक कुरकुरला, पाटी बरी होती की! मी म्हटलं, 'गरमागरम हुरडा' खाली मोठ्या अक्षरात टाकू, पाटी विसरा. चादरीवर हा फोटो लागला तेव्हा आत्या उठून चादरीच्या जवळ गेली. मग म्हणाली, "हां. लावा."

विजापूर रोडला बोर्ड चढला त्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून रिक्षानं आमच्याबरोबर आली. खाली उभी राहून मान वर करून बघत होती, तेवढ्यात एक हवालदार गाडी थांबवून उतरला. बोर्डाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं.

"ही बाई तुमीच काय?"

खाकीनं असं विचारलं की आत्याचं उत्तर जन्मभर ठरलेलं होतं: न्हाय साहेब, मी न्हाय ती. तिनं माझा हात घट्ट धरला.

"व्हय," ती म्हणाली. "मीच हाय."

"लई झकास आलाय की फोटो!" हवालदार खूश होऊन म्हणाला आणि खिशातला मोबाईल काढून तिच्यावर रोखला. आत्यानं हात आडवा केला.

"साहेब, आदी इचारायचं असतंय."

तो गडबडला. मोबाईल खाली घेतला. "काढू का, मावशी?"

आत्यानं माझा हात सोडला, पदर नीट केला आणि बोर्डाखाली सरळ उभी राहिली.

"आता काढा."