सारिका मॅडमच्या लाईक्स आणि माझा कुकर

मास्तरकीत दोन गोष्टी साठत जातात, पेपर आणि किस्से. पेपर कधीतरी तपासून होतात, किश्शांचा गठ्ठा वाढतच राहतो! आमच्या ज्युनिअर कॉलेजातले निम्मे किस्से सारिका मॅडमचे आहेत. त्या इंग्रजी शिकवतात, मी भूगोल. त्यांच्या पोस्ट व्हायरल होतात, माझ्या होत नाहीत. खरं सांगतो, मी जळतो त्यांच्यावर.

*

मॅडमनी एकदा ‘एक भाकरी भुकेल्यासाठी’ असं चॅलेंज काढलं. भाकरी हातात धरायची, डोळ्यांत पाणी आणायचं, रील टाकायची.

त्या दिवशी स्टाफरूममध्ये भाकरी एकाच डब्यात होती. माझ्या! सगळ्यांनी तीच धरून रील केली. माझ्याकडे परत आली तेव्हा तिचे चार तुकडे झाले होते आणि तासाची बेल वाजत होती.

रील पार माळशिरसपर्यंत पोचली. मी विचारलं, “कुणा भुकेल्याला भाकरी मिळाली का?”

“सर, अवेअरनेस महत्त्वाचा!”

अवेअरनेस त्यांचा, उपास माझा!

*

मग त्यांनी ग्रुपवर एका आजारी बाळाचा फोटो टाकला. ‘जितके शेअर, तितकी मदत.’ मी मुद्दाम सगळ्यांसमोर, स्पीकर लावून, त्यातल्या नंबरवर फोन केला.

पलीकडचे गृहस्थ वैतागले. “अहो, ते बाळ आता इंजिनिअरिंगला आहे! त्यालाच हा मेसेज दोनदा आलाय!”

मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

संध्याकाळी मॅडमची नवी पोस्ट आली, ‘बाळ बरं झालं! सर्वांचे आभार.’ लाईक्स दुप्पट.

*

मी मात्र आधी खात्री करतो, मग मदत करतो. बार्शी रोडला कर्णबधिर मुलांचं एक वसतिगृह आहे. चार वर्षांपूर्वी तिथे न कळवता गेलो. स्वयंपाकघर बघितलं, ऑडिट रिपोर्ट मागितला. तिथल्या काकूंनी फाईल दिली आणि सोबत भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूपही पुढ्यात ठेवलं.

“वाचता वाचता सोला. देणारे पुष्कळ येतात, सोलणारं कुणी येत नाही.”

तेव्हापासून दर रविवारी जातो. एकदा कुकर नेऊन दिला. म्हटलं, आता फोटो टाकावा. काकू म्हणाल्या, “मुलांचे चेहरे नाहीत हं टाकायचे.” मग नुसत्या कुकरचा टाकला.

तीन लाईक्स आल्या. एक माझी, एक बायकोची. तिसरे माढ्याचे मामा. त्यांनी खाली लिहिलं, ‘केवढ्याला देणार?’

*

पुढे एका मंडळाने मॅडमना समाजसेवेसाठी शाल-श्रीफळ दिलं. त्यांची ओळख करून द्यायची कुणी? तर मी! पाच मिनिटं कौतुक केलं. खाली उतरलो तर आमचे शिपाई मल्लप्पा शेजारी येऊन म्हणाले, “सर, लई ग्वाड बोललात की! पर बोलताना दात कशापायी खात हुता?”

*

शेवटी ठरवलं, मॅडमना खरं काम दाखवायचंच. एका रविवारी त्यांना वसतिगृहात घेऊन गेलो. काकूंनी दारातच त्यांचा फोन मागितला. मॅडमनी तो निमूट काढून दिला. मी मनात म्हटलं, आता बघू!

बाई मुलींमध्ये जाऊन बसल्या, वेण्या घालू लागल्या. माझ्याकडे चार वर्षांत जी मुलगी फिरकली नव्हती, ती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

तिथली मुलं प्रत्येक माणसाला हाताची एक खूण ठरवतात. तेच त्याचं नाव. जेवायच्या आत मॅडमना नाव मिळालंसुद्धा, केसांवरून फिरणारा हात!

ताटं वाढल्यावर मी काकूंना विचारलं, “मला नाही का दिलं अजून?”

“अहो, तुम्हाला पहिल्याच महिन्यात दिलंय की!”

“मग सांगितलं का नाही?”

काकूंनी एका मुलीला खूण केली. पोरीने दोन्ही हात मांडीवर ठेवले, मान लांब केली आणि डोळे तिरके करून शेजारणीच्या ताटात बघितलं.

सगळी पोरं हसली. मॅडम सगळ्यांत जास्त!